ढगातली रांग

अमरावती,
१४ जानेवारी २०२५

ती. बेबीताईस,

शालिकरामचा संक्रांतीचा नमस्कार आणि तिळगूळ.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस आणि मागे कुकर शिट्ट्या देत असतो. म्हणून कागदावर लिहितो. आठ पोरींची जेवणं आटोपली की निवांत वाचशील.

बातमी अशी की आपलं ध्वनिग्रंथालय ढगात गेलं. तुझ्या वसतिगृहातल्या अंध मुलींना इतकी वर्षं मी कापडी पिशवीत कॅसेट भरून पोस्टानं पाठवत आलो. पुढे सीडी आल्या, पण पिशवी तीच राहिली. आता पिशवीची गरज उरली नाही. नांदगाव पेठच्या कापडगिरणीत संगणक पाहणारा कुलदीप म्हणून एक भला मुलगा आहे. त्यानं दिवाळीपासून सुट्टीच्या दिवशी येऊन सगळ्या कॅसेट एकेक वाजवून संगणकात घेतल्या आणि वर पाठवल्या. तो म्हणतो, पुस्तकं आता आपल्या कपाटात नाहीत. दूर कुठंतरी मोठं साठवणघर आहे, त्याला क्लाउड म्हणतात. ज्या सभासदाचं नाव आपण पुस्तकाला लावू, त्याला ते घरबसल्या फोनवर ऐकू येतं. एवढं शिकवून तो गेला. त्याची बदली गुजरातेत झाली.

मशीनला कुंकू लावल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही, तुला माहीत आहे. ढगाला कुंकू कुठं लावावं हा प्रश्न पडला. शेवटी भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारी डबी आहे, तिला लावलं.

पद्धत जुनीच ठेवली आहे. एक पुस्तक, एक वाचक, पंधरा दिवस. पहिल्याचं नाव काढायचं, मग दुसऱ्याचं लावायचं. मुलींना काय हवं ते कळव.

तुझा,
शालिक

—

अकोला,
२२ जानेवारी २०२५

शालिकले बेबीताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोट्ट्यांना वाचून दाखवलं. कुंकवाच्या गोठीवर लय हसल्या. जयवंता म्हणते, काकांनी ढगाले कुंकू लावलं, आता अकोल्यात लाल पाणी पडन.

आता कामाचं. आमची आकांक्षा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे. इतिहासाचं ते जाडं पुस्तक पाहिजे, मराठ्यांचं, गोदाबाईनं वाचलेलं. ब्रेलमधी ते कुठं भेटत नाई. मी वाचून द्याले बसते, पन दोन पानं झाली की दूध उतू जाते नाई तं दारावर कोनी येते. पोरगी बिचारी म्हनते, "ताई, सदाशिवरावभाऊ अजून पुण्यातच बसून हाये."

परीक्षा एप्रिलात आहे. तिचं नाव लावून देजो.

तुझी,
बेबीताई

—

अमरावती,
१ फेब्रुवारी २०२५

ती. बेबीताईस नमस्कार.

इतिहासाच्या पुस्तकाला फार मागणी आहे, याचा गोदाबाईंना आनंद आणि मला चिंता. गोदाबाई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हापासून आमच्याकडे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला येतात. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दाराला गोधडी लावून आत बसतात. लढाई अशी वाचतात की शेजारच्या घरातलं भांडण सांगताहेत. म्हणून रांग.

सध्या ते पुस्तक बडनेऱ्याच्या पंजाबरावांकडे आहे. रेल्वेत होते, साखरेनं नजर गेली. त्यांनी दिवाळीच्या आधी नाव दिलं होतं. त्यांच्यामागे दर्यापूरचे एक मास्तर, मग परतवाड्याच्या दोन बहिणी, मग आणखी काही जण. आकांक्षाचं नाव मी शेवटी लिहून घेतलं आहे. तिची पाळी यायला जुलैतली आखाडी उजाडेल.

मला वाईट वाटतं. पण देवाच्या दारात आणि ग्रंथालयात रांग मोडू नये, असं मी मानत आलो. ज्याला दिसत नाही त्याला रांगेत कोणी पुढं घुसलं तेही दिसत नाही. त्याच्या वतीनं ते मीच पाहायला हवं. तू समजून घेशील.

तुझा,
शालिक

—

अकोला,
७ फेब्रुवारी २०२५

शालिक,

नाई समजून घेत मी.

आखाडीले पुस्तक घेऊन पोरीनं काय पुरनपोळीसंगं खाचं काय? परीक्षा एप्रिलात हाये म्हनून लिहिलं होतं. तू आंधळ्यांचं ग्रंथालय चालवतं, पन पत्र डोळे मिटून वाचतं काय?

एक गोठ मी लिहिली नव्हती, आता लिहिते. आकांक्षाले माय-बाप नाई. मामानं वाढवली. मानूस वाईट नाई, पन थकला. मागच्या वर्षी ती याच विषयात राहिली तवा तो येऊन सांगून गेला, "बाई, आता एकच खेप. याबी वर्षी राहिली तं घरी नेतो. आंधळी पोर शिकून शिकून किती शिकन?" पोरगी आतल्या खोलीत होती. तिनं सगळं ऐकलं. तवापासून पेटी अर्धी भरून ठेवली आहे तिनं. म्हनते, मंग घाई नको.

ती पेटी रोज माह्या डोळ्यापुढं राह्यते. तुझी रांग तुझ्यापाशी ठेव, अन् काय करतं ते पाय.

आमच्या पोट्ट्यांनी तुझं नाव "थांबा काका" ठेवलं आहे. मी काई त्याईले रागावली नाई.

बेबीताई

—

अमरावती,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बेबीताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र खिशात ठेवून दोन दिवस फिरलो. अंबादेवीच्या देवळात गेलो तर तिथंही रांगच होती. रांगेत उभा असताना माझ्यापुढच्या बाईनं मागं वळून पाहिलं. माझ्यामागे कडेवर तापलेलं लेकरू घेतलेली एक जण होती. बाई तिला म्हणाली, "तू हो माय पुढं." रांग कोणी मोडली नाही. जिची जागा होती तिनं ती दिली. माझ्या डोक्यात उजेड पडला. कोणाला पुढं घालणं माझ्या हाती नव्हतं, पण विचारणं होतं.

तसाच बडनेऱ्याला गेलो. पंजाबराव अंगणात बाजेवर, कानात ती फोनची वायर अडकवून बसलेले. मी सगळं सांगितलं.

"पोरगी तुही कोन लागते?" त्यांनी विचारलं.

"माझी कोणी नाही."

"मंग तं द्याच लागते," ते म्हणाले. "स्वतःच्या पोरीसाठी तं कोनीबी येते. मी पानिपतापरेंत आलो रे, ऐन रंगात आलं होतं. पन पानिपताचा निकाल लागून गेला, तिचा लागाचा हाये. दे तिले."

दर्यापूरच्या मास्तरांना, परतवाड्याच्या बहिणींना आणि बाकी सगळ्यांना फोन केले. एकानंही नाही म्हटलं नाही. उलट मास्तरांनी मलाच झापलं, की हे विचारायला इतके दिवस काहून लागले.

ग्रंथालयात परतलो आणि खुर्चीवर नीट न टेकताच आकांक्षाचं नाव लावलं. परीक्षा होईपर्यंत पुस्तक तिचं. तिला सांग, पेटीतले कपडे बाहेर काढ.

थांबा काका

—

अकोला,
२५ फेब्रुवारी २०२५

शालिकले आशीर्वाद, अन् शिवरात्रीचं रताळं इथूनच.

पुस्तक आलं. पोरगी सकाळी ऐकते, कॉलेजातून आली की ऐकते, भाकरी थापता थापता ऐकते. भाकरी काई गोल होत नाई, पन शिवाजी महाराजांचं अष्टप्रधान मंडळ मले आता पाठ हाये.

गोदाबाईले सांगजो, दर थोड्या वेळानं त्या म्हनते ना, "ही बाजू संपली, पोरांनो. आता कॅसेट पलटा," ते अजून तसंच हाये. आताच्या पोट्ट्यांनी कॅसेट हातात धरली नाई कधी. आकांक्षानं विचारलं, "ताई, आता मी काय पलटू?" मी म्हटलं, तव्यावरची भाकर पलटव.

पंजाबरावांले माहा नमस्कार सांग. अन् पत्रात "थांबा काका" म्हनून सही नको करू, पोट्ट्या लाजल्या.

बेबीताई

—

अमरावती,
५ मार्च २०२५

ती. बेबीताई,

घाईनं लिहितो. फोन केला तर तू घाबरशील आणि मला नीट सांगता येणार नाही. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

आज पंजाबराव नातसुनेचा हात धरून ग्रंथालयात आले. चेहरा पडलेला. म्हणाले, "शालिकराम, माधवराव गेले रे. लय वाईट वाटलं. एवढ्या कमी वयात."

मी उठून उभा राहिलो. "कोण माधवराव? तुमच्या शेजारचे?"

"पेशवे रे बाप्पा!"

मी विचारलं, तुम्ही तर पानिपताशीच पुस्तक सोडलं होतं. ते म्हणाले, "मी सोडलं, पन त्यानं मले नाई सोडलं. दुसऱ्या दिवशी सवयीनं बटन दाबलं तं बाई बोलून राहिली. मले वाटलं तूच दयेनं राहू दिलं."

ताई, मी पाहिलं तर पंजाबरावांचं नाव तसंच होतं. नेहमी मी आधी एकाचं काढतो, मग दुसऱ्याचं लावतो. त्या दिवशी आनंदाच्या भरात आकांक्षाचं आधी लावलं आणि त्यांचं काढायचं राहून गेलं. म्हणजे इतके दिवस एक पुस्तक दोघांकडे आहे.

आता मला नाव काढायचीही भीती वाटते. चुकून पोरीचं निघालं तर? म्हणून हात लावलेला नाही. तू एवढं कर. आकांक्षाला विचार, मधलं एखादं प्रकरण गायब झालं आहे काय. पंजाबरावांनी जेवढं ऐकलं तेवढं तिच्या पुस्तकातून कमी तर झालं नाही? आणि इकडे ते ऐकत असताना तिकडे आवाज बारीक होतो काय? आमच्या गल्लीत शेजाऱ्यानं मोटर लावली की आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. तसं काही झालं असेल तर तिचा अभ्यास अर्धवट राहील, आणि दोष माझा.

मारुतीला नारळ बोललो आहे.

शालिक

—

अकोला,
१० मार्च २०२५

शालिक,

नारळ फोडून टाक. फोडल्यावर अर्धा इकडे पाठव.

तुझं पत्र वाचलं अन् मी तशीच उठली. आकांक्षाले म्हटलं, पोरी, तुह्या पुस्तकात भोक तं नाई पडलं? ती म्हनते, सगळं सलग हाये. तरी माहं समाधान होईना. मंग काल रविवारी आमी परीक्षाच घेतली. दर्यापूरचे मास्तर माह्या ओळखीचे हायेत, त्याईच्याकडून पंजाबरावांचा नंबर काढला अन् फोन लावला. म्हटलं, तुमी तिकडे बटन दाबा, पोरगी इकडे दाबते. सगळ्या पोट्ट्या गोल करून बसल्या, जशा काई सत्यनारायनाले.

मी विचारलं, "बोलून राहिली काय बाई?"

ते म्हनते, "बोलून राहिली. नाना फडनविसाचं."

इकडे आकांक्षा म्हनते, "मी दुसऱ्यांदा ऐकते. माझ्याकडे अफजलखानाचं."

"आवाज बारीक झाला काय?"

"नाई बा, खनखनीत हाये," तिकडून.

"इकडेबी," पोरगी म्हनते. "ताई, त्यांची बाई वेगळी बोलते, माझी वेगळी. पुस्तक एक, पण बाया दोन!"

पंजाबरावांनी फोनवरच पोरीची तोंडी परीक्षा घेतली. सनावळ्या विचारल्या. एक तिनं त्यांचीच दुरुस्त केली. मानूस इतका खुश झाला की म्हनते, आता मी रोज फोन करतो, तू मले शिकव.

शालिक, आता सांग. ते पुस्तक कमी होत नाई, फाटत नाई, बारीक होत नाई. दोघांले पुरलं तं दर्यापूरच्या मास्तरले नाई पुरनार? परतवाड्याच्या बहिनींले नाई पुरनार? आपन दोघं काहून रांग लावून बसलो होतो? तुलेच बोलत नाई मी. मलेबी नाई सुचलं. कॅसेटच्या पिशव्या सोडून सोडून आपले हातच तसे झाले. मी इथं पोट्ट्यांत नंबर पाडत होती, तुहं झालं की हिचं. अन् वर ढगात पुस्तक बसून हसत असन, या म्हना सगळे जन, मी काई दमत नाई.

पोट्ट्या तं खाटेवर लोळून लोळून हसल्या. मीबी.

बेबीताई

—

अमरावती,
१७ मार्च २०२५

ती. बेबीताईस नमस्कार. अर्धा नारळ पाठवला आहे, खोबऱ्याची वडी करून.

तुझं पत्र वाचलं. मला आमच्या पिंपळखुट्याचा पार आठवला.

श्रावणात आमचे बाबा मारुतीच्या देवळात पोथी वाचायचे. पोथी एकच, लाल कापडात बांधलेली. पण ऐकायला किती जण! देवळात बसलेले होतेच. पारावर तंबाखू मळणारे होते. रस्त्यापलीकडच्या घरातली बाळंतीण खिडकीशी बसून ऐकायची. गावाबाहेरून गुरं घेऊन येणारा शिवारातला माणूस चार शब्द ऐकायचा आणि हात जोडून पुढं जायचा. पोथी त्यामुळं कधी उणी झाली नाही. बाबांनी कधी विचारलं नाही की आज कोणाचं नाव लावू. आणि मी त्यांचा मुलगा, जिथं पोथीसारखंच सारं ऐकण्याचं आहे तिथं पंधरा पंधरा दिवसांच्या खुंट्या मारत बसलो होतो.

काल सकाळी डबीला पुन्हा कुंकू लावलं. मग पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली. जेवढे आपले अंध सभासद आहेत, अमरावतीचे आणि तुझे, त्या सगळ्यांची नावं एकेका पुस्तकाला लावत गेलो. कोणाचंही काढलं नाही. दुपारी जेवायचं विसरलो. गोदाबाई आल्या, त्यांना वाटलं मला ताप आला. त्यांना सगळं सांगितलं तर त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

मग मी म्हटलं, "बाई, आता रांगच नाही, तर मी इथं बसून काय करू?"

"काय करू म्हणजे?" त्या म्हणाल्या. "रांग सांभाळण्यात तुमचा दिवस जात होता. आता माझ्यासमोर बसा आणि वाचा. माझा घसा बसत चालला आहे. गोधडी दोघांना पुरेल."

उद्यापासून मी वाचायला बसतो. मुलींना सांग, उच्चार खेड्यातले आहेत, चालवून घ्या.

आकांक्षाला आशीर्वाद. तिच्या पेपरच्या दिवशी सकाळी मी मारुतीपुढं उभा असेन.

शालिक

—

अकोला,
१९ जून २०२५

चि. शालिकले लय लय आशीर्वाद.

पास! इतिहासात तं वर्गात पयली. पेपरात पानिपतच आलं होतं. ती म्हनते, "ताई, माझा पेपर लिहिणाऱ्या मुलीला मी गोदाबाईंच्या चालीत सांगत गेले, तिचा हात थांबेना."

मामा पेढे घेऊन आला. पेटी भरायले आला का काय म्हनून मी दारातच उभी राहिली. तो खाली मान घालून म्हनते, "बाई, हिले आठ दिवस सुट्टीसाठी नेतो, मंग आनून सोडतो. एम.ए. करते म्हनते तं करू द्या." जाता जाता मले बाजूले घेऊन इचारलं, "आमच्या मायचेबी डोळे गेले. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसते. तिचं नाव लावता येते काय जी?" मी म्हटलं, लावता येते. आता तं रांगच नाई.

म्हातारीचं नाव जाईबाई. कागद पाठवते, लावून देजो.

अन् आनखी एक. आमच्या कपाटात ब्रेलची पुस्तकं आहेत, तुमच्याकडे नाई अशी. आकांक्षानं एक घेतलं, बोटानं वाचत गेली अन् फोनवर रेकॉर्ड करत गेली. जुन्या लोककथा आहेत. पंखा बंद करून, घामानं निथळत वाचलं पोरीनं, अकोल्याच्या मे महिन्यात! तुझ्याकडे वर पाठवलं आहे. आजवर सगळं तिकडूनच इकडे आलं. हे पयलं, इकडून तिकडे.

बेबीताई

—

अमरावती,
२७ जून २०२५

ती. बेबीताईस,

जाईबाईंचं नाव लावलं. सगळ्या पुस्तकांना लावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी कोणतं ऐकलं असेल? नातीचंच.

ते पुस्तक आम्ही काल ऐकलं. पंजाबराव बडनेऱ्याहून आले होते, कारण ते घरीही ऐकू येतं हे मान्य करूनसुद्धा त्यांना इथं बसूनच ऐकायचं होतं. येताना दर्यापूरच्या मास्तरांनाही घेऊन आले. गोदाबाईंनी सगळ्यांसाठी बेसनाच्या पातोड्यांची भाजी आणली होती. ज्या खोलीत मी एकटा नावं काढत आणि लावत बसायचो, तिथं काल खुर्च्या कमी पडल्या. मला वाटत होतं, पुस्तकं ढगात गेली की इथं कोणी यायचं नाही.

मी बटन दाबलं. आकांक्षाचा आवाज आला. सुरुवातीला जरा कापरा, मग स्थिर. बोटं पुढं सरकायला लागणारा वेळ शब्दांच्या मधे ऐकू येत होता. गोदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. चाल त्यांचीच होती, त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांची मान त्याच ठेक्यात डोलत होती.

पहिली गोष्ट संपली. थोडं शांत. कुठंतरी तुझ्या कुकरची शिट्टी झाली, ताई, तीही पुस्तकात आली आहे, मी ती काढणार नाही. मग ती पोर हसू आवरत म्हणाली,

"ही बाजू संपली. थांबा काका, आता कॅसेट पलटा."

पंजाबराव एवढ्यानं हसले की मास्तरांच्या हातातली बशी सांडली. आणि मी काय केलं सांगू? उठलो. खरोखर उठलो, टेबलापर्यंत गेलो, हात पुढं केला. पलटायला तिथं काही नव्हतं. तसेच हात जोडले, आणि पुन्हा येऊन त्यांच्यात बसलो.

दुसरी गोष्ट सुरू झाली होती.

तुझा,
शालिक